पाण्याचं वेळापत्रक आणि डासांचं गणित : सोलापूरच्या पाणीपुरवठा व आरोग्य विभागांना खुले पत्र

प्रति,
पाणीपुरवठा विभागाचे अभियंते आणि आरोग्य विभागाचे अधिकारी,
सोलापूर

स.न.वि.वि.

हे पत्र दोन विभागांना मिळून लिहिते आहे, आणि त्यातच माझं अर्धं म्हणणं येऊन गेलं. कोणत्या भागाला पाणी कधी सोडायचं हे पाणीपुरवठा बघतो. डेंग्यूचे रुग्ण किती, अळ्या कुठे सापडल्या, धूर कुठे मारायचा हे आरोग्य बघतं. कामाची वाटणी म्हणून यात गैर काही नाही. पण सोलापुरात हे दोन प्रश्न एकाच समीकरणात बसतात, आणि ते समीकरण अजून कुणी बसवलेलं माझ्या पाहण्यात नाही. ते बसवायला आम्ही मदत करू, एवढं सांगायला हे लिहिते आहे. ‘आम्ही’ म्हणजे इथल्या महाविद्यालयांत गणित, संख्याशास्त्र, संगणक आणि प्राणिशास्त्र शिकवणारे आणि शिकणारे. मी स्वतः संख्याशास्त्र शिकवते. लहानाची मोठी सोलापुरातच झाले, त्यामुळे पाणी भरण्याचा अनुभव पदवीपेक्षा जुना आहे.

पूर्व भागात तेलुगूत, नई जिंदगीत दखनीत, होटगी रोडला कधी कन्नडमध्ये तर कधी मराठीत, पण सगळीकडे प्रश्न एकच : आज पाणी येणार का? नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून प्रत्येक घरात पिंप, टाकी, हौद, रांजण, बादल्या, घागरी. मे महिन्यात त्यात कुलरची भर. या शहराचा साठा धरणात जेवढा महत्त्वाचा, तेवढाच मोरीतल्या पिंपात. ते पिंप मी तुम्हाला जरा जवळून दाखवते.

निळं प्लॅस्टिकचं, दोनशे लिटरचं. आतल्या अंगाला क्षारांचा पांढरा पट्टा, पाणी नेहमी जिथवर उभं राहतं तिथे. त्या पट्ट्याच्या आसपास टॉर्च मारून बघितलं तर कधीकधी बारीक काळे ठिपके दिसतात, मिलिमीटरभराहूनही लहान, भिंतीला चिकटलेले. ही डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या मादीची अंडी. ही मादी सहसा थेट पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीवर ती चिकटवते. मग घरातली माणसं पाणी वापरतात, रेषा खाली जाते, भिंत वाळते. अंडी मरत नाहीत. कोरडी अंडी महिनोन्महिने तग धरतात. पुढच्या वेळी नळ आला, पिंप काठोकाठ भरलं, अंडी बुडाली, की त्यांतून अळ्या बाहेर पडतात.

म्हणजे पाणी भरण्याचा दिवस हाच अळ्या बाहेर पडण्याचा दिवस. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात डासांची वाढ बहुतेक पावसाच्या भरवशावर चालते, टायरमध्ये आणि करवंट्यांत. आपल्याकडे ती नळाच्या वेळापत्रकावरही चालते, आणि एका झोनमधली शेकडो पिंपं एकाच रात्री भरली जातात. एखाद्या जीवशास्त्रीय व्यवस्थेचं मॉडेल, म्हणजे तिची गणितातली प्रतिकृती करताना सगळ्यात अवघड असतं तिचा ठेका शोधणं. इथे तो ठेका तुमच्या व्हॉल्व्हमनच्या वहीत आयता लिहिलेला आहे.

आता थोडं गणित. घाबरू नका, बेरीज-गुणाकाराच्या पुढे जात नाही.

अळी बाहेर पडल्यापासून डास उडेपर्यंत आपल्याकडच्या पावसाळी हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. हिशेबासाठी नऊ धरू. पिंप रिकामं करून घासायची संधी माणसाला कधी मिळते? नवं पाणी यायच्या आधी, पिंप तळाला गेलेलं असतं तेव्हा. एरवी भरलेलं पिंप कुणी ओतून देत नाही, निदान सोलापुरात तरी नाही. मग नऊ दिवसांत अशा संधी किती? पाणी तीन दिवसांआड आलं, म्हणजे दर चौथ्या दिवशी, तर चौथा आणि आठवा दिवस मिळून दोन. दर पाचव्या दिवशी आलं, तर फक्त पाचवा, कारण दहाव्या दिवसापर्यंत डास उडून गेलेला असतो. सहाव्या, सातव्या, आठव्या दिवशी आलं तरी संधी एकच. दहाव्या दिवशी आलं तर एकही नाही.

समजा, प्रत्येक संधीला निम्मी घरं पिंप खरोखर घासतात. हा आकडा मी मोजलेला नाही, उदाहरणापुरता धरला आहे. चार दिवसांच्या पाळीत दोन्ही संधी चुकवून डास होण्याची शक्यता पाव. पाच दिवसांच्या पाळीत अर्धी. पाळी एका दिवसाने लांबली आणि पिंपातून उडणारे डास दुप्पट झाले. पण पाचाचे सहा किंवा सात केले, तर या हिशेबात काहीच बदलत नाही! आपल्याला वाटतं, पाणी जितकं उशिरा तितके डास जास्त, सरळ चढती रेषा. मॉडेल सांगतं, इथे रेषा नाही, पायरी आहे. ती पायरी चार आणि पाचच्या मधे आहे, आणि पाळी नेमकी तिथेच घुटमळते.

वस्तुस्थिती इतकी कोरीव नसते हे कबूल. सगळी अंडी एका बुडीत फुटत नाहीत, काही पुढच्या भरणीची वाट बघतात. उष्णता वाढली की नऊचे सात दिवस होतात आणि पायरी सरकते. घासणं म्हणजे नुसतं विसळणं नव्हे. विसळल्याने अळ्या जातात, पण भिंतीवरची अंडी तशीच राहतात आणि नवं पाणी त्यांनाच उठवतं. झाकण घट्ट असेल तर मादी आत जातच नाही, आणि अळ्या खाणारे गप्पी मासे सोडलेल्या हौदाला हा हिशेब लागू होत नाही. या सगळ्या गोष्टी घालूनच खरं मॉडेल करायचं असतं. संगणकात एक हजार घरं घ्यायची, प्रत्येक घराला आपलं पिंप, पिंपाला पाण्याची पातळी, भिंतीवर अंडी, पाण्यात निरनिराळ्या वयाच्या अळ्या. रोज थोडं पाणी कमी करायचं, पाळीच्या दिवशी भरायचं, कुणी घासलं कुणी नाही हे फाशाने ठरवायचं. मग तोच खेळ हजार वेळा खेळून बघायचा, कारण एका खेळात नशिबाचा भाग फार असतो. याला महासंगणक लागत नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर पायथॉन या संगणकभाषेत लिहिलं तरी रात्रीतून होईल.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ‘निम्मी घरं’ हा आकडा. तो कशावर ठरतो? आळसावर, असं जनजागृतीचे फलक गृहीत धरतात. ‘कोरडा दिवस पाळा.’ मला तसं वाटत नाही. पिंप घासण्यासाठी आधी ते रिकामं करावं लागतं, आणि उद्या पाणी नक्की येणार ही खात्री असल्याशिवाय कुठलीही बाई तळाचं बादलीभर पाणी ओतून देत नाही. ती ते राखून ठेवते, नळ आला की त्यावरच नवं पाणी भरते. अळ्यांच्या दृष्टीने ते पिंप कधी रिकामं झालंच नाही. ती बाई शहाणपणाने वागते आहे, तिला आणखी माहितीपत्रकं देऊन फरक पडणार नाही.

तेव्हा घासण्याचं प्रमाण हा काही अंशी तुमच्या वेळापत्रकाचाच परिणाम आहे. भरवसा गेला आणि निम्म्याऐवजी दहात एकच घर पिंप घासू लागलं, तर पाच दिवसांच्या पाळीतून डास होण्याची शक्यता ०.५ वरून ०.९ वर जाते. खात्रीची चार दिवसांची पाळी आणि बेभरवशाची पाच दिवसांची, यांतला फरक ०.२५ आणि ०.९ चा, म्हणजे साडेतीनपटीहून अधिक. यातला बराच फरक पाण्याच्या एका जादा दिवसाने पडत नाही, अनिश्चिततेने पडतो. सरासरी किती दिवसांनी पाणी येतं हा आकडा अहवालात छान दिसतो. डासाला सरासरीशी देणंघेणं नाही. कधी तीन आणि कधी सात अशी पाळी कागदावर पाचच भरते.

म्हणून माझी मागणी ‘रोज पाणी द्या’ अशी नाही. उजनी धरण किती लांब आहे, पंपिंगला वीज गेली की काय होतं, तिथून येणाऱ्या समांतर जलवाहिनीची चर्चा किती वर्षं चालली, हे आम्हालाही ठाऊक आहे. मागणी एवढीच, की पाळी बदलताना किंवा झोनची फेरमांडणी करताना तिचा डासांवर काय परिणाम होईल हे आधी संगणकावर तपासून बघा. कापड फाडण्याआधी शिंपी खडूने बेत काढतो, तेवढंच हे. एकाच पाण्यात दोन बेत शक्य असतील, तर ज्यात डास कमी होतात तो निवडायला जादा पैसा लागत नाही.

गणित आणि रोगराई यांचा संबंध परदेशी आहे, आपल्याला कशाला हवा, असं कुणाला वाटत असेल तर त्याचा इतिहास सोलापूरच्या रेल्वेमार्गावरच सुरू होतो. आपल्याकडून वाडीमार्गे हैदराबादला जाणारी गाडी ज्या सिकंदराबादला पोचते, तिथे २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. १९०२ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. पण रॉस स्वतःला गणिती म्हणवून घेण्यात जास्त खूष असत, आणि पुढच्या दहाएक वर्षांत त्यांनी जे मांडलं ते माझ्या मते शोधाइतकंच मोठं आहे. मलेरिया घालवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या एका मर्यादेच्या खाली नेली की रोग आपोआप विझत जातो. त्या काळच्या डॉक्टरांना हे पटायला जड गेलं. सगळे डास मारणं अशक्य, म्हणून काहीच करून उपयोग नाही, असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. साथीच्या गणिताचा पाया म्हणून जो शोधनिबंध आजही शिकवला जातो, तो केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा, १९२७ चा. केरमॅक प्रयोगशाळेतल्या अपघातात ऐन तारुण्यात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते, कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालकही होते. त्यांनी आपलं समीकरण ज्या आकड्यांवर बसवून दाखवलं ते मुंबई बेटावरच्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. घंटेच्या आकाराची रेषा ठिपक्यांवर इतकी सुरेख बसली की जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती आकृती गेली.

मी ती आकृती वर्गात दाखवते, आणि मग तिच्यातली खोट दाखवते. मुंबईतला तो प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसांत येत होता आणि दरवर्षी ठरावीक ऋतूत चढून उतरत होता. समीकरणात ना उंदीर, ना पिसू, ना ऋतू. माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, असं आपण धरून चाललो आहोत हे लेखकांनीच प्रामाणिकपणे नोंदवलं होतं. वाचणाऱ्यांनी रेषा लक्षात ठेवली आणि ती नोंद विसरली. म्हणून डेंग्यूच्या गेल्या पाच वर्षांच्या रुग्णसंख्येतून एक रेषा ओढून पुढच्या वर्षीचा आकडा काढून देणारा कुणी तुमच्याकडे आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पिंप नसलेलं मॉडेल आपल्या कामाचं नाही.

मॅकेंड्रिक यांचंच आणखी एक काम मात्र, ज्याची फारशी चर्चा होत नाही, मला तुमच्या सर्वेक्षणासाठी फार मोलाचं वाटतं. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या एका खेड्यातल्या कॉलऱ्याचे आकडे छापले. घरं २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. एवढंच कोष्टक. कुणी म्हणेल, १६८ घरं वाचली, बरं झालं, आता उरलेल्या ५५ कडे बघू. मॅकेंड्रिक यांनी उलटं केलं. रुग्ण असलेल्या घरांत एक, दोन, तीन, चार अशी जी उतरंड आहे, तिच्यावरून त्यांनी हिशेब केला : संसर्ग सगळ्यांना सारखाच पोचत असता, तर निव्वळ नशिबाने वाचलेली घरं किती असायला हवी होती? उत्तर आलं साधारण ३७. प्रत्यक्षात आहेत १६८. म्हणजे उरलेली १३० च्या आसपास घरं नशिबाने वाचली नव्हती, रोग त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. यावरून त्यांनी तर्क केला की गावात विहिरी अनेक असाव्यात, आणि ९३ च्या आसपास घरं (रुग्ण असलेली ५५ आणि नशिबाने वाचलेली सुमारे ३७) ज्या एका विहिरीवर पाणी भरतात तीच दूषित असावी. गावात चौकशी केल्यावर तशी विहीर निघाली.

शून्यांनी विहीर दाखवली, हे मला अजूनही थक्क करतं. आता तुमच्या कंटेनर सर्वेक्षणाकडे या. आशा सेविका आणि आरोग्य कर्मचारी उन्हातान्हात घरोघरी जाऊन पिंपात डोकावतात. हे काम किती कष्टाचं आहे हे दुपारी एक वाजता विडी घरकुलात फिरल्यावर कळतं. त्यातून हाऊस इंडेक्स निघतो, ब्रेटो इंडेक्स निघतो. शंभर घरांमागे किती घरांत अळ्या, शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती. दोन्ही निर्देशांक उपयोगाचे आहेत, पण त्यांत सगळी घरं एका आकड्यात दाबली जातात. एका प्रभागात शंभर घरांत वीस भांडी सापडली, तर ती वीस घरांत एकेक होती, की चार घरांत पाच-पाच? पहिल्यात वस्तीचा प्रश्न आहे, दुसऱ्यात चार घरांचा किंवा एका गळक्या व्हॉल्व्हचा. आणि ज्या घरांत काहीच सापडलं नाही, त्यांच्याकडे पिंप होतं पण स्वच्छ होतं, की बोअरचं पाणी असल्याने पिंपच नव्हतं? ते शून्य आणि हे शून्य वेगळं. ही माहिती जागेवर कर्मचाऱ्याला दिसलेली असते. ती बेरजेत विरघळू देऊ नका.

आता धुराकडे. फटफट आवाज करत धूर सोडणारी गाडी गल्लीत आली की नागरिकांना बरं वाटतं, नगरसेवकांनाही बरं वाटतं, पोरं मागे पळतात. तुमच्यावर त्यासाठी दबाव असतो याची मला कल्पना आहे. पण इथेही एक जुना हिशेब उपयोगी आहे. रॉस यांच्यानंतर मलेरियातज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी १९५० च्या दशकात दाखवलं, की डासांची संख्या आणि डासाचं आयुष्य यांत आयुष्याचं वजन कितीतरी जास्त असतं. कारण असं की विषाणू घेतलेल्या मादीच्या अंगात तो लाळेपर्यंत पोचायला दहाएक दिवस लागतात. त्याआधी ती मेली तर तिच्यापासून कुणालाच धोका नाही. समजा डास रोज ९० टक्के शक्यतेने जगतो. दहा दिवस जगण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. रोजची शक्यता ८० टक्क्यांवर आणली, तर दहा दिवसांची शक्यता ११ टक्क्यांवर उतरते. शिवाय दहा दिवसांनंतर चावायला उरलेलं सरासरी आयुष्यही साडेनऊ दिवसांवरून साडेचारवर येतं. दोन्ही मिळून धोका जवळजवळ सातपट घटतो. उलट डासांची नुसती संख्या निम्मी केली तर धोका निम्माच होतो.

मग धूर तर मोठे डासच मारतो, म्हणजे धूर बरोबर? इथे जीवशास्त्र आडवं येतं, आणि म्हणूनच नुसत्या गणितवाल्यांच्या हाती हे काम देऊ नये असं मी म्हणते. एडिसची मादी दिवसा चावते आणि घरात बसते. पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे, मोरीच्या अंधारात. रस्त्यावरचा धूर बंद दाराआड तिथवर जेमतेम पोचतो. ज्या डासांना तो लागतो ते मरतात, पण औषध मागे उरत नाही, म्हणून रोजची जगण्याची शक्यता त्या एका संध्याकाळपुरती घसरते आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत होते. पिंपातल्या अळ्यांना तर त्याचा पत्ताही नसतो. दर आठवड्याच्या धुराने काय साधतं आणि त्याच डिझेलच्या खर्चात घराघरांत घट्ट झाकणं वाटली तर काय साधेल, हे मॉडेलमध्ये दोन आकडे बदलून शेजारी-शेजारी बघता येतं. कदाचित साथीच्या ऐन भरात धुराला जागा निघेलही. मी आधीच निकाल देत नाही.

वेळेचं गणितही बघा. आज रुग्णालयात डेंग्यूच्या एनएस१ या रक्ततपासणीत पॉझिटिव्ह आलेला माणूस कोणत्या पिंपाची गोष्ट सांगतो? पिंपात डास तयार व्हायला नऊ दिवस, त्याने आधीच्या रुग्णाला चावायला दोन-तीन, अंगात विषाणू वाढायला दहा, नव्या माणसाला चावल्यावर ताप यायला साधारण चार ते दहा, मग डॉक्टरकडे जाऊन तपासणी होईपर्यंत आणखी दोन-तीन. म्हणजे महिन्यामागचं पिंप. रुग्णाच्या घराभोवती लगेच फवारणी करणं चूक नाही, कारण तापाच्या दिवसांत त्याला चावणारा डास रोग पुढे नेतो. पण शहराची सगळी हालचाल रुग्णसंख्येकडे बघून होत असेल, तर आपण कायम महिनाभर मागे राहणार. शिवाय डेंग्यूच्या संसर्गात साधारण चारांपैकी तिघांना लक्षणंच दिसत नाहीत, ते कोणत्याच नोंदवहीत येत नाहीत. पाण्याची पाळी आणि अळ्यांचं सर्वेक्षण या दोन नोंदी आजच्या आहेत. साथीचा अंदाज त्यांतून यायला हवा.

हवामानाबद्दल थोडक्यात. एडिसमार्फत डेंग्यू पसरायला साधारण २९ अंश तापमान सर्वांत सोयीचं आणि ३४-३५ च्या पुढे ते गणित कोसळतं, असं अलीकडच्या अभ्यासांतून दिसतं. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत होरपळणाऱ्या आपल्या शहराला हे दिलासादायक वाटेल. पण हवामान केंद्राच्या तापमापकावर विसंबून चालणार नाही. कुलर चालू असलेल्या खोलीतलं, ओल्या मोरीतलं तापमान वेगळं, आणि डास तिथे राहतो. पत्र्याच्या घरात आणि स्लॅबच्या घरात पुन्हा फरक. हे मोजायला दोन-तीनशे रुपयांचे तापमापक पुरतात, आणि हे काम आमची मुलं आपापल्या घरी आनंदाने करतील.

एक शंका तुमच्या मनात येईलच. कोविडच्या काळात रोज टीव्हीवर नव्या वक्ररेषा दिसत होत्या, शिखर या महिन्यात, नाही त्या महिन्यात, आणि पुष्कळ अंदाज सपशेल चुकले. मग मॉडेलवाल्यांवर विश्वास का ठेवायचा? माझं मत स्पष्ट आहे : ‘अमुक तारखेला इतके रुग्ण’ असं सांगणाऱ्यावर ठेवूच नका. आपल्याला तारीख नको आहे. आपल्याला दोन पर्यायांतला बरा कोणता हे हवं आहे, आणि त्यासाठी मॉडेलला अचूक आकडा सांगता यावा लागत नाही, क्रम बरोबर लावता आला की पुरे. तोही चुकू शकतो. म्हणून दोन झोनमध्ये एक पावसाळाभर पाळी काटेकोर पाळून बघावी, शेजारच्या तशाच दोन झोनमध्ये नेहमीप्रमाणे चालू द्यावं, आणि अळ्यांचं सर्वेक्षण दोन्हीकडे त्याच माणसांनी करावं. मॉडेल आधी लिहून, लिफाफ्यात बंद करून तुमच्याकडे ठेवतो. पावसाळ्यानंतर लिफाफा तुम्ही उघडा. आमचं चुकलेलं निघालं तर निदान सोलापूरच्या पिंपांबद्दल आपल्याला एक खरी गोष्ट कळलेली असेल, जी आज कुणालाच माहीत नाही.

आमच्या बाजूने माणसं आहेत. आमच्याकडे दरवर्षी प्रकल्पाच्या वेळी मुलं परदेशातल्या फुलांच्या पाकळ्यांची लांबी-रुंदी इंटरनेटवरून उतरवून घेतात आणि तिचे आलेख काढतात. फूल त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. त्याच मुलांच्या घरी पिंप असतं, आणि पाणी कोणत्या रात्री किती वाजता आलं हे त्यांच्या आईला तोंडपाठ असतं. प्राणिशास्त्राच्या मुलांना अळी ओळखता येते, संगणकाच्या मुलांना मॉडेल चालवता येतं, आणि दोघांची गाठ उपाहारगृहाशिवाय कुठे पडत नाही. ती घालण्याची जबाबदारी माझ्यासारख्यांची, त्यासाठी तुम्हाला त्रास देत नाही.

तुमच्याकडून हवं ते इतकंच. प्रत्येक झोनला पाणी सोडल्याची तारीख आणि वेळ, ठरलेली नव्हे, प्रत्यक्षातली. प्रभागवार, आठवडावार डेंग्यूचे पक्के निदान झालेले रुग्ण, नाव-पत्त्याशिवाय, नुसता आकडा. कंटेनर सर्वेक्षणातली घरागणिक ओळ, भांड्याचा प्रकार लिहिलेली, काहीच न सापडलेल्या घरांसकट. घरमालकाचं नाव काढून टाका, गल्लीही नको, झोन पुरे. आणि महिन्यातून एकदा तासभर, दोन्ही विभागांचा एकेक माणूस एका टेबलाशी, ज्याला हे आकडे कसे गोळा होतात ते आतून माहीत आहे. व्हॉल्व्हमन आला तर आणखी उत्तम, कारण पाणी कागदावर कुठून जातं आणि खरं कुठून जातं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

नव्या सत्राचे प्रकल्प आम्हाला जूनअखेर ठरवावे लागतात. पूर्ण शहराचे आकडे तोवर जमणार नाहीत हे धरूनच चालले आहे. दोन झोन पुरेत, एक पूर्व भागातला आणि एक जुळे सोलापुरातला, म्हणजे हौद-पिंपांची वस्ती आणि गच्चीवरच्या टाक्यांची वस्ती दोन्ही येतील. फाइल एक्सेलमध्ये असली तरी चालेल, वहीचे मोबाइलवर काढलेले फोटो असले तरी चालेल, मुलं बसून उतरवतील. फक्त वर्षाची एकूण बेरीज छापलेली पीडीएफ पाठवू नका.

आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका, सोलापूर